तीन नंबर शेडची काकी

शेडचं दार उघडण्याआधी ती पत्र्यावर बोटांच्या पेरांनी तीनदा वाजवायची आणि म्हणायची, "येते गं." आत हजारभर कोंबड्या. त्यांपैकी कोणीही कधी "या" म्हटलं नाही. पण ती दाराशी क्षणभर थांबायची, आत कोणी पदर सावरत असावं तशी, आणि मगच कडी काढायची.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हसले. तिने वळून बघितलं.

"हसतेस काय? तुझ्या घरात मी अशीच घुसली तर चालंल?"

त्याच दिवशी दुपारी मी एक नंबरच्या शेडमध्ये न वाजवता शिरले. सगळ्या कोंबड्या एकदम उठून पलीकडच्या कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर चढल्या. धूळ, पिसं, ओरडा. तिथल्या माणसाने मला हाताला धरून बाहेर काढलं. ती तीन नंबरच्या दारात उभी राहून हे बघत होती. दुसऱ्या दिवसापासून मी वाजवायला लागले. "येते गं" म्हणायला मात्र मला आणखी आठवडा लागला. लाज वाटायची.

मी भिवंडी शहरातली. जवळच्या वळ गावात, गोदामांच्या रांगेत, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमची छोटी प्रयोगशाळा होती. खाली टायरांचं गोदाम, वर आम्ही: आमचे सर, मी आणि चार यंत्रं. पशुखाद्य, पाणी, अंडी असलं काहीबाही तपासून आमचं चालायचं. मग हे पिसांचं काम आलं.

काम असं होतं. कोंबडी घाबरली, दमली, मार खात राहिली की तिच्या रक्तात ताणाचं एक हार्मोन वाढतं. रक्त तपासलं की ते सापडतं. पण सुई टोचायला कोंबडी धरली की ती घाबरते आणि आकडा त्या घाबरण्याचाच येतो. पिसाचं तसं नाही. पीस वाढत असतं तोवर त्याला रक्त मिळतं, आणि रक्तातलं हार्मोन थोडंथोडं पिसात उतरत जातं. वाढ संपली की रक्त थांबतं. ते पीस वाढायला जितके आठवडे लागले, तितक्या आठवड्यांत कोंबडीचे दिवस कसे गेले, ते त्यात राहून जातं. म्हणून आधी पंखातलं जुनं पीस उपटायचं, त्या जागी नवं येऊ द्यायचं, आणि ते पुरतं वाढलं की काढून तपासायचं.

हे सगळं करायचं कारण अगदी साधं होतं. मुंबईत अंडी विकणाऱ्या काही मंडळींना खोक्यावर 'सुखी कोंबड्यांची अंडी' असं छापायचं होतं, आणि छापण्याआधी कोंबड्या खरंच सुखी आहेत का हे त्यांना कोणाकडून तरी लिहून हवं होतं. फार्म होता अंबाडीच्या पुढे, वाड्याच्या रस्त्याला. मालक मूळचे अंजूरचे. खाडीकाठची शेती गोदामांना गेली तेव्हा त्यांनी इकडे येऊन तीन शेड बांधल्या. पिंजरे नाहीत, खाली भाताचा तूस पसरलेला आणि त्यावर कोंबड्या मोकळ्या. सगळे त्यांना शेठ म्हणत. शेठ दिलाने बरे होते, पण माणूस घाईचा.

आणि ही तीन नंबरची. जवळच्याच पाड्यावरून चालत यायची. सगळे तिला काकी म्हणायचे, मीही. वय विचारलं तर म्हणायची, "लिवून कोणी ठेवला?" फार्मवर ती आली ती तूस पसरायला, रोजंदारीवर. तीन नंबरचा माणूस काम सोडून गेला आणि दुसरा मिळेपर्यंत शेठनी शेड तिच्याकडे दिली. दुसरा माणूस त्यांनी पुढे शोधलाच नाही. एक आणि दोन नंबरला पुरुष होते. बाईमाणसाच्या हातात अख्खी शेड, तीही पाड्यावरच्या, हे त्यांना पचायला वेळ लागला. ती त्यांच्याशी वाद घालत नसे. कोणी काही म्हटलं की तिचं एकच वाक्य ठरलेलं: "मना बघू दे."

फीड बदलायचं आहे, मना बघू दे. पंखा लावायचा आहे, मना बघू दे. एकदा सर फार्मवर आले आणि त्यांनी तिला हार्मोन म्हणजे काय ते वीस मिनिटं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "बरा हाय. मना बघू दे."

पहिली पिसं उपटायचा दिवस मला पक्का आठवतो. मी हातमोजे घालून तयार. बारा कोंबड्यांच्या पायात पिवळी कडी घातलेली. तिने पहिली कोंबडी काखेत घेतली आणि मला म्हणाली, "हिला दुखंल?"

"थोडंसं. एकदाच."

"थोडासा म्हणजे किती?"

तिने दुसरा हात माझ्या डोक्याकडे नेला आणि कानामागचा एक केस टचकन उपटला. मी ओरडले. कोंबडी नुसती बघत होती.

"एवढा?" तिने विचारलं.

"याच्यापेक्षा जरा जास्त," मी डोळे पुसत खरं ते सांगितलं.

"मग बिगीनं कर. अर्ध्यावर थांबू नको." आणि तिने पंख असा अलगद उघडून धरला, जशी एखादी बाई दुकानात साडीचा पदर उलगडून दाखवते. तिच्या हातातली कोंबडी फडफडत नसे. एक आणि दोन नंबरला मला दोन माणसं लागायची, इथे ती एकटी पुरायची.

तो केस तिने माझ्या हातात परत दिला. म्हणाली, "यात पण लिवला असंल का, पिसात लिवलाय तसा?"

मी म्हटलं, हो, माणसाच्या केसातही ते सापडतं. मोजता येतं.

ती डोक्यावरचा पदर पुढे ओढून म्हणाली, "माझा नको मोजू हां. तुझा मशीन फुटंल." आणि खो खो हसली. तिच्या घरात काय काय होऊन गेलं होतं ते मला नंतर इतरांकडून कळलं; नवरा गेला, थोरली मुलगी गेली, मधली काही वर्षं वीटभट्टीवर काढली. तिने स्वतः त्यातलं काही सांगितलं नाही. मीही केसाचा विषय पुन्हा काढला नाही.

तिची एक खोड होती, ती इथेच सांगायला हवी. कुठल्याही शेडमध्ये एखादी कोंबडी मार खाताना दिसली, म्हणजे बाकीच्या जिला टोचून टोचून कोपऱ्यात ढकलतात तशी एखादी, की ती तिला उचलून आणायची. जखमेवर हळद लावायची, थोडा वेळ मांडीवर घेऊन बसायची आणि मग आपल्या शेडमध्ये सोडून द्यायची. "माझ्याकडं बरी व्हईल," म्हणायची. दोन-चार दिवसांआड अशी एखादी तरी यायचीच. दोन नंबरचा माणूस तीन नंबरला 'सरकारी दवाखाना' म्हणायचा. तिला ते आवडायचं. मलाही आवडायचं. तुम्हीही तिथे असतात तर तुम्हालाही आवडलं असतं. काखेत लंगडी कोंबडी घेऊन तुसातून सावकाश चालत येणारी ती बाई पाहिली की फार्मवर कुठेतरी काहीतरी नीट चाललंय असं वाटायचं.

पिसं वाढली. मी ती काढून वळच्या प्रयोगशाळेत नेली.

पिसांचं काम दिसतं सोपं, पण बोटं मोडणारं असतं. धुवायची, वाळवायची, देठ कापून टाकायचा, आणि उरलेलं बारीक कात्रीने कातरत बसायचं, अगदी भुकटी होईपर्यंत. मग ती भुकटी मेथॅनॉलमध्ये घालून हलवत ठेवायची, ते उडवून टाकायचं आणि तळाशी राहिलेलं मोजायचं. आठवडाभर मी कातरतच होते. खाली टायर उतरवल्याचे धपाधप आवाज, वर पंखा बंद, कारण पीस उडतं.

आकडे आले. एक नंबर मध्यम. दोन नंबर सगळ्यात कमी. तीन नंबर सगळ्यात जास्त, ठरलेल्या मर्यादेच्याही वर.

मला वाटलं, नळ्यांची अदलाबदल झाली. राखून ठेवलेल्या भुकटीवर पुन्हा केलं. तेच. सर माझ्या खांद्यावरून बघत होते. म्हणाले, "तुला कोण आवडतं ते यंत्राला माहीत नसतं."

दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून अंबाडीला जाताना मी वाटेत दोनदा थांबले. काय बोलायचं ते ठरत नव्हतं.

शेठ बाहेर खुर्ची टाकून बसले होते. कागद त्यांच्याकडे दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि हाक मारली. ती हात पुसत आली.

"बाय, तुझी शेड फेल," शेठ म्हणाले. "तिन्ही शेड पास झाल्याशिवाय ती मुंबईची माणसं एक अंडं उचलायची न्हाईत. आता मी काय करू, सांग. माझा मेहुणा कधीपासून सांगतोय, डिप्लोमावाला माणूस ठेव. मीच ऐकत नव्हतो."

ती माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. तिने फक्त विचारलं, "माझ्या कोंबड्या भितात?"

"भितात असंच नाही, काकी. त्यांच्यावर ताण आहे. बरेच दिवस. कशाचा ते पीस सांगत नाही. ताण आहे एवढंच सांगतं."

"पीस खोटा बोलतो का?"

"नाही."

"तू खोटा बोलतेस का?"

"नाही काकी."

"मग मना बघू दे," ती म्हणाली.

मग तिने मला विचारलं, नवा पीस वाढायला किती दिवस? मी सांगितलं, सहा-सात आठवडे. "तेवढे दे," ती शेठना म्हणाली. "तवर डिप्लोमावाला नको आणू. मग आण." शेठनी खांदे उडवले. मुंबईच्या माणसांना ते काय थापा मारतील हा त्यांचा प्रश्न होता, पण त्यांनी मुदत दिली. हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

आम्ही दोघी शेडकडे गेलो. दार वाजवून झालं, "येते गं" झालं, पण आवाज नेहमीचा नव्हता. आत गेल्यावर मी तिला वाटेत सुचलेलं सांगितलं. मला खरंच तिला वाचवायचं होतं.

"काकी, मी यादी बघितली. तुमच्या बारातल्या पाच कोंबड्या तुम्ही बाहेरून आणलेल्या आहेत. आधीच मार खाल्लेल्या. त्यांचा आकडा जास्त असणारच. पीस इथे वाढलं असलं, तरी ती भीती त्यांनी दुसऱ्या शेडमधून आणलेली आहे, तुमची नाही. मी तसं लिहून देते. शेठ मानतील."

आणि ते खोटंही ठरलं नसतं. थोडंफार तसं असूही शकलं असतं. कोणीही मान डोलावली असती. तिची शेड, तिचं काम, तिचं नाव, सगळं त्या एका वाक्याने सुटत होतं.

तिने विचारलं, "त्या पाच ऱ्हाऊ दे. ज्या सात माझ्याच हायत, जुन्या, कुठं न गेलेल्या, त्यांचा किती?"

मी तसं मोजून पाहिलंच नव्हतं. तिथेच तुसावर उकिडवी बसून मी कागदावर सात आकडे वेगळे काढले. तेही जास्त होते. आणलेल्या पाचांपेक्षा थोडेच कमी, पण दोन नंबरच्या कुठल्याही कोंबडीपेक्षा जास्त.

मी कागदाची घडी घातली. सांगावं की सांगू नये असं एक क्षणभर मनात आलं, हे मी कबूल करते.

"सांग ना," ती म्हणाली.

मी सांगितलं.

त्यानंतर तीन दिवस ती शेडमध्ये उलट्या कॅरेटवर बसून राहिली. सकाळचं दाणापाणी, अंडी गोळा करणं हे सगळं करायची आणि मग बसायची. जेवायलाही बाहेर येत नसे, भाकरी तिथेच. मी तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा तिने मला शेजारी बसवलं आणि बोट दाखवलं.

"ती पांढऱ्या शेपटीची बघ. काल मी एक नंबरची आणली ना, हळद लावलेली, तिच्यापाशी जाते. बघ आता."

पांढऱ्या शेपटीची गेली. मान वर केली, छाती पुढे काढली. हळदवाली दबली. मागून आणखी दोघी आल्या. चोच, फडफड, किंचाळी. मग त्या दोघी एकमेकींवर गेल्या. पलीकडे दाणा खाणाऱ्या चार-पाच दचकून बाजूला झाल्या. मिनिटभरात सगळं शांत. मग पुन्हा.

"हे बरा व्हायला चार-पाच दिस जातात," ती म्हणाली. "कोण मोठी, कोण धाकटी, कोणी आधी खायाचा, ते सगळा ठरतो. ठरला की गप्प ऱ्हातात. आणि ठरला रे ठरला, की मी नवीन आणून सोडते."

पांढऱ्या शेपटीची पुन्हा हळदवालीकडे निघाली होती.

"माझाच हात हाय," ती म्हणाली. आपला उजवा हात तिने उलटा सुलटा करून पाहिला. हळदीने पिवळा झालेला होता. "मना वाटायचा, मी बरा करते. हिचा बरा करायला गेली नि सगळ्यांचा बिघडवला."

मी पुस्तकात वाचलं होतं की अनोळखी पक्षी मिसळले की कळपाची उतरंड पुन्हा लागते आणि ताण वाढतो. परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलं होतं. आणि तरी महिनोन्‌महिने तिला कोंबड्या काखेतून आणताना बघत असताना ते मला एकदाही आठवलं नव्हतं. मी तिला काखेतली कोंबडी घेऊन येताना बघत होते आणि भारावत होते. तिने पुस्तक न वाचता तीन दिवस नुसतं बघितलं, आणि तेही स्वतःच्या विरुद्ध.

ती उठली आणि तडक शेठकडे गेली. मी मागोमाग. शेठ फोनवर होते. फोन संपेपर्यंत ती उभी राहिली आणि मग सगळं सांगितलं, एक शब्द न वगळता. शेठ गोंधळले. कोणी आपणहून येऊन चूक सांगतं याची त्यांना सवय नसावी.

"मग आता आजारी कोंबड्यांचं काय करणार? मरू देणार?" त्यांनी विचारलं.

"न्हाय. जाळी दे. बाहेर मागच्या अंगाला वेगळा खोपटा करते. दुखणाऱ्या तिकडं. बऱ्या झाल्या तरी परत न्हाय घालायच्या. त्यांचा त्यांचा कळप होऊ दे."

"आणि अंडी?"

"घालतील त्या. माणसं काय आजारातून उठल्यावर काम करत न्हाईत?"

जाळी मिळाली. तिने आणि दोन नंबरच्या माणसाने मिळून बांबू रोवले. हो, त्याच दोन नंबरवाल्याने. तिची चूक तिने आपणहून शेठना सांगितल्यापासून तो तिच्याशी जरा जपूनच बोलायला लागला होता. मी पुन्हा बारा पिसं उपटली आणि आम्ही नवी वाढायची वाट बघू लागलो. पीस आपल्या घाईने वाढत नाही. सुरुवातीला नुसती निळसर नळी येते, टोचणारी, आत रक्त असलेली. मग टोक फुटतं, मग हळूहळू उलगडत जातं.

त्या आठवड्यांत तिला सगळ्यात जड गेलं ते न आणणं. एके दिवशी माझ्यासमोर एक नंबरचा माणूस एक कोंबडी घेऊन आला. पाठ सोलून निघालेली. तीन नंबरच्या दारात येऊन त्याने सवयीने ती तिच्यापुढे धरली. तिने घेतली, हळद लावली, मांडीवर ठेवली. कोंबडीने डोळे मिटले. आत शेडमध्ये ऊबदार तूस, पाणी, सगळं होतं, आणि दार तिच्या पाठीमागे हातभरावर होतं. ती उठली आणि उन्हातून शेडला वळसा घालून मागच्या खोपट्याकडे गेली. परत आली तेव्हा नाक लाल होतं. मला म्हणाली, "ऊन हाय."

सहा आठवड्यांनी मी पिसं काढली. ती प्रत्येक कोंबडी धरत होती आणि मी न विचारता सांगत होती. "हिचा कमी येईल. हिचा पण कमी. हिचा न्हाय, हिचा सभावच तसा, कावळा दिसला तरी घाबरते." मी कागदाच्या कोपऱ्यात तिचे अंदाज लिहून ठेवले. सरांना सांगितलं नाही.

पुन्हा आठवडाभर कात्री. आकडे आले तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. तीन नंबर खाली आला होता. चांगला खाली. एक नंबरच्याही खाली. फक्त एका कोंबडीचा आकडा तसाच उंच होता, आणि ती तीच होती, कावळ्याला घाबरणारी. मी माझ्या कोपऱ्यातल्या खुणा सरांना दाखवल्या. बाराही अंदाज जुळत होते. सर खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "एवढ्यासाठी आपण आठवडाभर पिसं कातरत होतो?"

"नाही सर," मी म्हटलं. "आपण कातरली नसती तर काकी बघत बसल्या नसत्या." हे मी आजही म्हणेन. पिसांनी तिला सांगितलं की काहीतरी चुकतंय. काय चुकतंय ते तिने शोधलं. दोघांपैकी एकानेच ते झालं नसतं.

मी तडक अंबाडीला गेले. ती पाड्याकडे निघालीच होती. रस्त्यातच तिला गाठलं.

"काकी, पास! एक नंबरच्याही खाली आली तुमची शेड."

"आन दोन नंबर?"

"दोन नंबर अजून तुमच्याहून कमी आहे. थोडासाच."

तिने विचार केला. "तो माणूस आळशी हाय," ती म्हणाली. "कोंबड्यांच्या मधी मधी जातच न्हाय. म्हणून त्या सुखी." आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून ती इतकी हसली की मागून येणारी सहा आसनी रिक्षा थांबून बघू लागली.

मुंबईची मंडळी आली तेव्हा शेठनी स्वच्छ शर्ट घातला होता. त्यांनी सांगायला सुरुवात केली की मशीनमध्ये मागच्या वेळी थोडी गडबड होती. ती शेजारी उभी होती. "मशीन बरोबर होता," ती म्हणाली. "मी चुकली होती. आता बघा." आणि त्या चार शहरी माणसांना ती आत घेऊन गेली, त्यांनाही दारावर वाजवायला लावलं. पाऊण तासाने ती माणसं बाहेर आली तेव्हा प्रश्न शेठना नाही, तिला विचारत होती. त्यांच्यातल्या एका बाईंनी वही काढून लिहून घेतलं. शेठ मागे उभे होते, आणि मला वाटलं होतं ते चिडतील; पण त्यांचा चेहरा, घरची लेक पहिली आल्यावर असतो तसा होता. डिप्लोमावाल्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

अहवाल मी लिहिला. शेवटी आभारांच्या यादीत तिचं नाव घालायचं असं सर म्हणाले. मी म्हटलं, आभारात नाही, कामात. निष्कर्ष तिचा आहे. यावर आमचं दोन दिवस बोलणं बंद होतं. तिसऱ्या दिवशी सरांनीच टाइप करून आणलं: सरांचं नाव, माझं, तिचं. इथे मी ते नाव लिहीत नाही, कारण तिनेच सांगितलं, "तिकडं लिवला ना, बस झाला." ज्यांना हवं त्यांनी अहवाल काढून बघावा.

छापलेली प्रत घेऊन मी गेले. तिला वाचता येत नव्हतं. मी तिच्या नावावर तिचं बोट ठेवलं. तिने बोट उचललं, लुगड्याला पुसलं आणि पुन्हा ठेवलं.

मग म्हणाली, "चूक लिवली का?"

मी वाचून दाखवलं: शेड तीनमध्ये बाहेरचे पक्षी वारंवार मिसळले गेल्याने ताण वाढला असावा.

"मिसळले गेले न्हाय," ती म्हणाली. "आपोआप चालत आल्या का? मी मिसळले. तसा लिव. दुसरी कोणी माझ्यासारखी असंल, तिला कळला पाह्यजे की चांगल्या मनानं पण होतो."

दुसऱ्या प्रतीत तसं लिहिलं.

पुढे दोन-अडीच वर्षांनी फार्म बंद झाला. गोदामं वळहून सरकत सरकत अंबाडीपर्यंत आलीच होती. शेठनी तिला नव्या गोदामावर राखणीला ठेवलं, निळा गणवेश, खुर्ची, डोक्यावर पंखा. ती पाच दिवस बसली. सहाव्या दिवशी गणवेश घडी करून शेठच्या घरी देऊन आली. कारण विचारलं तर म्हणाली, "सगळा खोक्यात बंद. कोण काय बोलतच न्हाय." शेठ हे सांगताना हसत होते, पण त्यांनाही ते लागलं असावं, कारण खोपट्यातला तिचा तो वेगळा कळप त्यांनी विकला नव्हता, टेंपोत घालून तिच्या पाड्यावर पोचवला होता.

मीही दुसऱ्या कामांत गुंतले. फोन अधूनमधून व्हायचा. तो उचलायची तिची पद्धत म्हणजे आधी स्वतःच जोरात विचारायचं, "कोण बोलते मी?" मग गेल्या हिवाळ्यात वाड्याला जायचं होतं तेव्हा न कळवताच पाड्यावर गेले.

घराला कडी होती. अंगण शेणाने सारवलेलं, अजून ओलसर, मागच्या बाजूला जाळी, आत कोंबड्या, माझ्याकडे दुर्लक्ष करून आपापल्या कामात. शेजारच्या घरातून एक बाई बाहेर आली.

"ती न्हाय हां घरी. जव्हारकडं गेली. तिकडच्या बायांच्या कोंबड्या एकमेकींना टोचतात, म्हणून बोलावला. गेल्या महिन्यात शहापूरला गेलती. आता येईल आठ दिसांनी. न्हायतर दहा. तिला येळ कुठं हाय!" तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आमच्या पाड्यावरच्या बाईला कुठे कुठे बोलावतात, हे एका परक्या माणसाला सांगायला मिळालं याचा तिला आनंद होता.

मग तिने माझ्याकडे, माझ्या स्कूटरकडे, हातातल्या पिशवीकडे पाहिलं. "तुम्ही कोण? सरकारी हाय का?"

मी कोण? संशोधक म्हणता आलं असतं. प्रयोगशाळेची, तेही म्हणता आलं असतं.

"मी त्यांच्या हाताखाली काम केलंय," मी म्हटलं.

ती बाई आत गेली आणि माझ्यासाठी खुर्ची घेऊन आली.